फोन वाजला की नेट जातं: तांब्याच्या लाइनवरचा नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

लँडलाइनच्या तांब्याच्या जोडीवर एडीएसएल ब्रॉडबँड चालतं, तिथे हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो. मॉडेम बदलला जातो, पासवर्ड बदलला जातो, तक्रार नोंदवली जाते, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. म्हणून मॉडेमला हात लावण्याआधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते पाहा.

- फोन वाजला, उचलला किंवा ठेवला की मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो आणि अर्ध्या-एक मिनिटाने पुन्हा स्थिर होतो.
- फोनवर बोलताना मागे सतत सूं असा आवाज येतो. मॉडेमची पिन काढली की तो जातो.
- मॉडेम काढला तरी खरखर राहते. पाऊस पडला की वाढते, दोन दिवस कडक ऊन पडलं की कमी होते.
- फोन पूर्ण बंद, डायल टोनच नाही, पण नेट रखडत का होईना चालू आहे.
- याच्या उलट, कोणी फोनवर बोलत असेल तोवर नेट टिकतं, फोन ठेवला की थोड्या वेळाने तुटतं.
- फोनचा काही संबंध नाही, पण रोज संध्याकाळी साधारण त्याच वेळेला नेट जायला लागतं.
- डीएसएलचा दिवा स्थिर आहे, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद आहे.

शेवटचं लक्षण या यादीत वेगळं काढा. डीएसएलचा दिवा स्थिर म्हणजे मॉडेम आणि एक्स्चेंज यांची भेट झालेली आहे, तार ठीक आहे. तिथे बिल थकलंय का, प्लॅन संपलाय का, मॉडेममधलं युजरनेम-पासवर्ड बरोबर आहे का, एवढंच पाहायचं. बाकी सगळी लक्षणं तारेची, स्प्लिटरची (फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी) किंवा विजेची आहेत.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी: मॉडेमच्या मागचं रीसेटचं बारीक भोक टाचणीने दाबू नका. त्याने तारेतला बिघाड सुधरत नाही, उलट युजरनेम, पासवर्ड आणि व्हीपीआय-व्हीसीआय हे कंपनीने ठरवलेले जोडणीचे आकडे (बीएसएनएलला सहसा ० आणि ३५) पुसले जातात. मग एकाच्या जागी दोन बिघाड होतात आणि कोणता कशाचा ते कळत नाही. मॉडेम नुसता बंद-चालू करायचा असेल तर खुशाल करा.

एका जोडीवर दोन कामं

फोनचा आवाज त्याच दोन तारांवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये जातो. नेट त्यांच्यावरूनच २६ किलोहर्ट्झपासून वर, एडीएसएल२+ (नंतरची, जास्त वेगाची पद्धत) असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. फोन ठेवलेला असताना लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो. घंटीच्या वेळी त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा एसी येतो. फोन उचलला की व्होल्टेज एकदम ६ ते १२ व्होल्टवर उतरतं.

मॉडेमने सुरुवातीला एक्स्चेंजमधल्या डीस्लॅमशी (तिकडच्या बाजूचं नेटचं यंत्र) जो वेग ठरवलेला असतो, तो त्या क्षणी लाइन जशी होती त्या हिशोबाने. मध्येच एखादा फोन सरळ लाइनवर उचलला गेला, तर त्याचं सर्किट नेटची वरची फ्रीक्वेन्सी खातं, लाइनचा भार बदलतो आणि ठरलेला हिशोब मोडतो. मॉडेम सगळी बोलणी पहिल्यापासून सुरू करतो. तेच ते अर्ध्या-एक मिनिटाचं लुकलुकणं. स्प्लिटरच्या डबीतली वेटोळी आणि कपॅसिटर हेच थांबवतात: फोनकडे फक्त खालच्या फ्रीक्वेन्सी जाऊ देतात.

पहिली तपासणी: नुसतं ऐकायचं

फोन उचला, कोणताही एक अंक दाबा. डायल टोन थांबतो आणि काही सेकंद लाइन शांत होते. त्या शांततेत कान देऊन ऐका. मॉडेम लावलेला असताना एकदा, काढून एकदा. सूं आवाज मॉडेम काढल्यावर गेला तर स्प्लिटर किंवा त्याची जोडणी चुकलेली आहे. खरखर, कडकड राहिलीच तर कुठेतरी जॉइंट सैल आहे किंवा ओल शिरलेली आहे. नेटच्या वेगाच्या चाचण्या घेत बसण्यापेक्षा हे एक मिनिट जास्त सांगून जातं. कानाला ऐकू येणारी खरखर नेटला नेहमी त्याहून जास्त त्रास देते.

दुसरी: सगळं काढा, एकटा मॉडेम लावा

सगळ्या तपासण्यांत हिचं वजन जास्त आहे आणि खर्च शून्य. घरातले सगळे फोन, कॉर्डलेसचा बेस, फॅक्स, कॉलर आयडीची डबी, सगळ्यांच्या पिना काढा. स्प्लिटरही काढा. बाहेरून येणारी वायर ज्या पहिल्या रोझेटमध्ये (भिंतीवरची टेलिफोनची डबी) उतरते, तिथेच मॉडेम एका छोट्या, चांगल्या वायरने सरळ लावा. तासभर, जमल्यास ज्या वेळेला त्रास होतो ती वेळ पूर्ण जाईपर्यंत तसाच ठेवा. मधूनमधून मोबाइलवरून लँडलाइनला रिंग द्या. घरात वाजायला काही नसलं तरी घंटीचं व्होल्टेज लाइनवर येतंच.

नेट टिकलं तर बिघाड घरातला, रोझेटच्या आतल्या बाजूचा. नेट तरीही तुटलं तर मॉडेम, त्याचा अडॅप्टर किंवा बाहेरची लाइन. पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको. दहा मिनिटं चाललं म्हणून चांगलं, असं धरलं की आठवडा वाया जातो.

तिसरी: स्प्लिटर

घरातला बिघाड ठरला तर बहुतेक वेळा तो इथेच सापडतो. स्प्लिटरला तीन तोंडं असतात: लाइन, फोन आणि मॉडेम. बाहेरची वायर ‘लाइन’मध्ये, मॉडेम ‘मॉडेम’ किंवा ‘एडीएसएल’मध्ये, आणि उरलेलं सगळं ‘फोन’च्या पुढे. ‘लाइन’ आणि ‘फोन’ उलटे लागले तर फोन चालतो, डायल टोन येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण नेटचा सिग्नल मॉडेमपर्यंत फिल्टरमधून गाळून पोचतो, म्हणजे जवळजवळ पोचतच नाही.

सगळ्यात जास्त सुटतो तो पॅरलल फोन. हॉलमध्ये स्प्लिटर नीट बसवलेला असतो, पण आतल्या खोलीचा जुना एक्स्टेन्शन स्प्लिटरच्या आधीच, रोझेटच्या स्क्रूवरून निघालेला असतो. त्या एका फोनवर फिल्टर नाही. तो कोणी उचलत नसलं तरी प्रत्येक रिंगला तोही वाजतो, आणि नेट जातं. घरातल्या प्रत्येक वायरचा माग भिंतीने काढत मूळ रोझेटपर्यंत या. छोटा ईपीएबीएक्स (घरातल्या-ऑफिसातल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज), दाराच्या अलार्मचा डायलर, कार्ड स्वाइपचं जुनं मशीन हेही फोनच आहेत, त्यांनाही स्प्लिटरच्या ‘फोन’ तोंडाच्या पुढे घ्या. वायरिंग बदलणं शक्य नसेल तर त्या प्रत्येक उपकरणाला वेगळा फिल्टर लावा.

वायरिंग बरोबर असूनही त्रास असेल तर स्प्लिटरच बदलून पाहा. वीज चमकल्यावर किंवा लाइनवर झटका आल्यावर त्यातला कपॅसिटर अर्धवट मरतो. बाहेरून काही दिसत नाही आणि फोन व्यवस्थित चालतो. मॉडेम बदलण्याआधी हा डबीएवढा भाग बदला, त्याचा खर्च मॉडेमच्या मानाने फारच थोडा आहे.

जर्मनीतून कोणा नातेवाइकाने आणलेला मॉडेम किंवा स्प्लिटर वापरत असाल तर एक खास अडचण येते. तिथे वर्षानुवर्षं एडीएसएल आयएसडीएनच्या (डिजिटल टेलिफोनच्या) लाइनवर चालायचं. आयएसडीएनला खालची जागा मोकळी ठेवायची म्हणून मॉडेम ‘ॲनेक्स बी’ प्रकारचे असत, त्यांचा अपलोड १३८ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतो. आपल्याकडची लाइन ‘ॲनेक्स ए’ आहे, अपलोड २६ ते १३८ मध्ये. असा मॉडेम एकतर जुळतच नाही किंवा अडखळत जुळतो. सेटिंगमध्ये ॲनेक्स ए निवडता येत असेल तरच तो ठेवा. आयएसडीएनसाठी बनवलेला स्प्लिटर तर वापरूच नका. तो आपल्या अपलोडचा पट्टा फोनकडे सोडून देतो.

चौथी: वायर, सर्ज बोर्ड, अडॅप्टर

रोझेटपासून मॉडेमपर्यंत चपटी, न पिळलेली टेलिफोन वायर दोन-तीन मीटरपेक्षा लांब नको. ती ॲन्टेनासारखी सगळा गोंगाट ओढते. मॉडेम लांब ठेवायचाच असेल तर कॅट-५ (कॉम्प्युटर नेटवर्कच्या) केबलमधली एक पिळलेली जोडी वापरा. निळी आणि पांढरी-निळी अशी एकाच पिळाची, दोन वेगवेगळ्या पिळांतली एकेक तार घेऊन नाही. पिळामुळेच गोंगाट दोन्ही तारांत सारखा शिरतो आणि मॉडेममध्ये कटतो.

सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीवर टेलिफोनची दोन भोकं असतात. तिथून लाइन फिरवून मॉडेमला नेली असेल तर आधी ती काढा. आतले संरक्षक भाग नेटची वरची फ्रीक्वेन्सी दाबतात.

अडॅप्टर हा संध्याकाळच्या बिघाडाचा लपलेला धनी. मॉडेमवर सहसा १२ व्होल्ट, १ ॲम्पिअर लिहिलेलं असतं. तीन-चार वर्षांनी अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकतो. मीटरने मोजला तर बिनभाराचा बरोबर व्होल्ट दाखवतो, पण मॉडेम चालताना, गरम झाल्यावर, व्होल्टेज पडतं. म्हणून त्याला मीटरने पास करू नका, त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त ॲम्पिअरचा आणि पिनची प्लस-मायनस बाजू तीच असलेला दुसरा अडॅप्टर एक दिवस लावून पाहा.

पाचवी: मॉडेममधले आकडे वाचा

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (मॉडेमच्या खालच्या लेबलवर वेगळा पत्ता असेल तर तो). स्टेटस किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये डीएसएलचं पान शोधा. तिथे तीन गोष्टी वाचायच्या.

एसएनआर मार्जिन: गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरलाय. ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन तुटत राहणार, ६ ते १० म्हणजे काठावर, १० च्या वर बरी. काही मॉडेम १२५ असा आकडा दाखवतात. तो डेसिबलच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे १२.५.

अटेन्युएशन: वाटेत किती सिग्नल जिरला. ३० पर्यंत चांगलं, ४५ च्या पुढे वेग उतरतो, ६० च्या आसपास आशा ठेवू नये. हा आकडा मुख्यतः अंतराचा आणि तारेच्या जाडीचा असतो, रोज बदलत नाही. कालपेक्षा आज एकदम वाढला असेल तर वाटेत जॉइंट बिघडलाय.

सीआरसी एरर: वाटेत खराब झालेल्या डेटाची मोजणी. एकूण आकड्याला अर्थ नाही, वाढीला आहे. दहा मिनिटांनी पुन्हा वाचा. शेकड्यांनी वाढत असेल तर लाइन आजारी आहे.

आता खरी परीक्षा. हे पान उघडं ठेवून एसएनआर मार्जिन तीनदा लिहा: फोन ठेवलेला असताना, मोबाइलवरून रिंग जात असताना आणि फोन उचलल्यावर. स्प्लिटर नीट असेल तर तिन्हीत फार फरक पडत नाही. उचलल्याबरोबर तीन-चार डेसिबल खाली आलं तर फिल्टर चुकतोय. उचलल्यावर मार्जिन *सुधारलं* तर वाटेत कुठेतरी जॉइंटवर काट (गंजासारखा थर) चढलाय: फोन उचलला की लाइनमधून २०-४० मिलीॲम्पिअर करंट वाहतो, तो काटाचा पातळ थर भेदतो आणि जॉइंट तात्पुरता चांगला होतो. यादीतल्या पाचव्या लक्षणाचं कारण हेच.

लाइन लांब असेल आणि प्लॅन ८ एमबीपीएसच्या आतला असेल, तर मॉडेमच्या सेटिंगमधल्या मॉड्युलेशनमध्ये एडीएसएल२+ काढून जी.डीएमटी (एडीएसएलची मूळ, जुनी पद्धत) निवडा. मग मॉडेम १.१ मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. लांबच्या लाइनवर तिथे फक्त गोंगाटच असतो. वेगाचा थोडा त्याग होतो, पण तुटणं थांबतं.

सहावी: रेडिओ घेऊन फिरा

ठरावीक वेळेला नेट जात असेल तर जुना खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ काढा. ६०० किलोहर्ट्झच्या आसपास कोणतंही केंद्र लागत नाही अशी जागा शोधा, आवाज मोठा करा आणि मॉडेम, फोनची वायर, रोझेट यांच्या जवळून फिरवा. मीडियम वेव्हचा पट्टा एडीएसएलच्या पट्ट्यातच येतो, म्हणून रेडिओला जो गुरगुराट ऐकू येतो तोच मॉडेमला छळतो. हलक्या प्रतीचा एलईडी दिवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित. एकेक बंद करून पाहा. सापडला तर तो बदला, किंवा फोनची वायर त्याच्यापासून आणि विजेच्या वायरिंगपासून फूटभर दूर न्या. एकाच पट्टीत वीज आणि फोन नको.

सातवी: रोझेट उघडा

ढग गडगडत असतील तर हे आज नको. घंटीचे ७५ व्होल्ट हाताला चांगला झटका देतात, म्हणून कोणाला तरी सांगून ठेवा की आत्ता या नंबरवर फोन करू नका, आणि उघड्या तारांना दोन्ही हातांनी धरू नका.

आत काय दिसतं ते पाहा. स्क्रूखालच्या तांब्यावर हिरवट पूड, ओलीचे डाग, मुंग्यांनी आणून भरलेली माती, किंवा एकाच स्क्रूखाली चार-चार तारा. हिरवी पडलेली तार घासत बसू नका. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तोडा, नवं चकचकीत टोक सोला, स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळा आणि घट्ट करा. स्क्रू गंजला असेल तर पूर्ण रोझेट बदला. जॉइंट पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला असेल तर तो काढाच, टेपखाली ओल अडकते आणि जॉइंट आतून खातो. तिथे जेल भरलेला कनेक्टर दाबा.

आठवी: घरातली वायर मोजा

बाहेरची जोडी रोझेटमधून सोडवा, टोकं वेगवेगळी ठेवा. चालू लाइनवर ओमची रेंज कधीच लावू नका. घरातले सगळे फोन आणि स्प्लिटर काढलेले असू द्या. मल्टिमीटर २० मेगाओमच्या रेंजवर ठेवून घरातल्या वायरच्या दोन तारांत मोजा. मीटरने काहीच वाहत नाही असं दाखवायला हवं. १ मेगाओम किंवा कमी आलं तर भिंतीत ओल आहे, ती वायर सोडून द्या. मग लांबचं टोक एकमेकांना जोडून २०० ओमच्या रेंजवर मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला २० मीटर लांबीला तीन-चार ओम यायला हवेत. १५-२० आले किंवा वायर हलवली की आकडा नाचला तर मध्ये जॉइंट कच्चा आहे.

वापरात नसलेली, टोकाला काहीच नसलेली एक्स्टेन्शन वायरसुद्धा रोझेटमधून तोडा. २०-२५ मीटरची अशी मोकळी फांदी एडीएसएल२+ च्या वरच्या टोकाचा सिग्नल परतवून मारते.

बाहेरच्या सोडवलेल्या जोडीवर २०० व्होल्ट डीसी रेंजमध्ये ४५ ते ५२ व्होल्ट मिळायला हवेत. बरेच कमी आले, आकडा स्थिर राहिला नाही किंवा शून्य आलं तर पुढचं काम तुमचं नाही.

इथे थांबा, लाइनमनला बोलवा

- बाहेरच्या जोडीवर थेट एकच फोन लावला, तरी खरखर आहे किंवा डायल टोन नाही.
- फोन बंद पण नेट रखडत चालू. जोडीतली एक तार कुठेतरी तुटलेली आहे. ४८ व्होल्टचा फेरा पूर्ण होत नाही म्हणून फोन मरतो, पण वरच्या फ्रीक्वेन्सी तुटलेल्या जागेतूनही थोड्या पार होतात. हे घरात दुरुस्त होत नाही.
- पावसाशी बांधलेली खरखर. पाणी डीपीत (टेलिफोनच्या खांबावरची वाटपाची पेटी), पिलरमध्ये (रस्त्याकडेचं टेलिफोनचं कपाट) किंवा जमिनीखालच्या जॉइंटमध्ये शिरलेलं असतं.
- चांगला ठरलेला दुसरा मॉडेमही थेट रोझेटवर तुटतो.

आणि वायर हाताला झिणझिण्या देत असेल, जळल्याचा वास येत असेल, खांबावर ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी फोनची तार) विजेच्या तारेला टेकलेली दिसत असेल, तर कशालाही हात लावू नका. घरातल्यांना दूर ठेवा, वीज कंपनीला आणि टेलिफोनवाल्यांना दोघांनाही कळवा. खांबावर चढणं, डीपी उघडणं हे कोणत्याही परिस्थितीत आपलं काम नाही. शेजाऱ्याची पेअर (तारांची जोडी) ओढली जाते, आणि तिथे विजेची तार हाताच्या अंतरावर असते.

तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर दूरवरून पोर्ट रीसेट करून तक्रार बंद होते. असं सांगा: “घरातलं सगळं काढून थेट रोझेटवर फोन लावलाय, खरखर आहे, मार्जिन इतकं, अटेन्युएशन इतकं, फोन उचलला की इतकं.” डॉकेट (तक्रारीचा) नंबर लिहून घ्या. लाइनमन आल्यावर लाइन टेस्ट घ्यायला सांगा आणि डीपीपासूनची पेअर बदलता येते का विचारा. तेही जमलं नाही तर एक्स्चेंजच्या एमडीएफवरचा (सगळ्या लाइनी जिथे येतात तो मुख्य सांगाडा) जंपर, म्हणजे जोडतार, आणि पोर्ट बदलायला सांगता येतं. ड्रॉप वायर नवी ओढली जात असेल तर ती खिडकीतून आत येण्याआधी खाली एक झोल सोडायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून घरंगळत रोझेटमध्ये न येता बाहेरच ठिबकतं.

तो जाण्याआधी त्याच्यासमोरच मॉडेमचं पान उघडा, मोबाइलवरून तीन-चारदा रिंग द्या, फोन उचला, ठेवा. दिवा स्थिर राहिला पाहिजे आणि सीआरसी जागेवर.

फायबर घेऊन लँडलाइनचा जुना नंबर तसाच ठेवला असेल, तर स्प्लिटर पूर्ण काढून टाका. ओएनटीच्या (फायबरचा घरातला मॉडेम) फोन पोर्टला घरातली जुनी वायरिंग जोडायची असेल, तर त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची ड्रॉप वायर रोझेटपासून तोडा. नाहीतर ओएनटी आणि एक्स्चेंज दोघांचाही व्होल्टेज एकाच तारेवर येतो, आणि त्यात ओएनटीचा फोन पोर्ट जातो.